पुस्तकवालीच्या दोन मुली

माझ्या आईला आपले आईवडील कोण हे ठाऊक नव्हते. मोठ्या दुष्काळात, ती चार-पाच वर्षांची असताना, खडी फोडण्याच्या कामावर तिला कुणी सोडून गेले, किंवा तिची माणसे तिथेच मेली. यातले खरे काय ते तिला शेवटपर्यंत कळले नाही. मिशनच्या लोकांनी तिला बैलगाडीत घालून सोलापूरला आणले आणि अनाथ मुलींच्या आश्रमात ठेवले. तिचे वय त्यांनी दात पाहून ठरवले आणि नाव शास्त्रातून, म्हणजे बायबलातून, काढून दिले. आई हे अभिमानाने सांगायची. इतरांना देवाने आईबाप दिले, मला तो स्वतःच मिळाला, असे म्हणायची. तिला ते खरेच वाटत असे. शोभेचे बोलायची तिला सवय नव्हती.

आश्रमात ती वाचायला, शिवायला आणि खाली मान घालून चालायला शिकली. लग्नाचे वय झाले तेव्हा ख्रिस्ती मंडळीतल्या जुन्या घरांनी तिला सून करून घ्यायचे नाकारले. ख्रिस्ती होऊन दोन पिढ्या उलटल्या तरी कोण मूळचा कुठल्या जातीचा हे त्या घरांना पाठ होते, आणि आईची जात सांगणारे कुणी जिवंत नव्हते. शेवटी मिशनच्या शाळेतल्या एका विधुर शिक्षकाने तिच्याशी लग्न केले. ते माझे वडील. त्यांना आधी अक्का झाली आणि सहा वर्षांनी मी. मी तीन वर्षांची असताना मानमोडीच्या तापाची साथ आली आणि वडील चार दिवसांत गेले. त्यांना माती दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी रविवार होता. आई आम्हा दोघींना घेऊन उपासनेला गेली. अक्का सांगायची, त्या दिवशी आई सगळ्यांपेक्षा मोठ्याने गायली.

पुढे मिशनने आईला घरोघर जाऊन शास्त्र वाचून दाखवण्याचे काम दिले. तिच्या वाट्याला विणकरांच्या गल्ल्या आल्या. घराघरात माग, पुरुष मागावर, बायका ओट्यावर सुताच्या कांड्या भरत बसलेल्या, बोलणे सगळे तेलुगू. आई दोन वर्षांत तेलुगू शिकली. हात कामात गुंतलेल्या बायकांचे कान रिकामेच असत, म्हणून त्या ऐकत. तिला त्या ‘पुस्तकवाली’ म्हणत. घरात घेत नसत. पाणी मागितले तर वरून ओंजळीत ओतत. एकदा एका म्हातारीने सुताला लावायची खळ तिच्या डोक्यावर ओतली. आईने पदराने पुस्तक तेवढे पुसले आणि पुढची ओळ वाचली. खळ अंगावर वाळून कडक होईपर्यंत ती तिथून हलली नाही. घरी येऊन तिने आम्हाला हे सांगितले तेव्हा तिचा चेहरा उजळलेला होता. मी तो चेहरा तसा फार थोड्या वेळा पाहिला.

घरात ती तशी नव्हती. रविवारी चूल पेटायची नाही, शनिवारची भाकरी खायची. त्या दिवशी हसायचे नाही, पळायचे नाही, खिडकीतून बाहेर बघायचे नाही. चूक झाली की ज्वारीचे दाणे जमिनीवर पसरून त्यावर गुडघे टेकून बसावे लागे. मी पाच वर्षांची असल्यापासून बसले आहे. दाणे आधी टोचतात, मग गुडघ्यात रुततात, मग काही कळेनासे होते. पण खरे तर याची भीती नव्हती. आमची शिक्षा संपली की आई आम्हाला उठवी आणि स्वतः त्याच दाण्यांवर बसे, आमच्यापेक्षा जास्त वेळ. मुलीने पाप केले ते आईत काहीतरी कमी होते म्हणून, असा तिचा हिशेब. ती उठली की तिच्या गुडघ्यांना चिकटलेले दाणे आम्ही एकेक करून काढायचो. त्याची मला भीती वाटे.

अक्का सोळा वर्षांची झाली तशी आई तिला कामावर बरोबर नेऊ लागली. शास्त्रातल्या चित्रांची एक लांब गुंडाळी असे. ती अक्काने धरायची आणि आईने चित्र दाखवून सांगायचे. त्या गल्लीतल्याच एका घरातला मुलगा मागावर न बसता गिरणीत लागला होता. चित्रे बघायला तो ओट्याशी येऊन उभा राहायचा. फार बोलत नसे. आईला वाटले, हा ऐकतो आहे. ती त्याच्यासाठी नाव घेऊन प्रार्थना करायची, रोज, आम्हा दोघींना शेजारी बसवून. अक्का डोळे मिटून ‘आमेन’ म्हणायची.

त्या वर्षी संक्रांतीत आई परदेशी मडमेबरोबर अक्कलकोटकडच्या खेड्यांत दोन दिवसांसाठी गेली. अक्का मला गड्ड्याला घेऊन गेली. सिद्धेश्वराच्या जत्रेला सोलापुरात सगळे गड्डा म्हणतात. शहरातले पोर न पोर तिथे जाते, आम्ही कधी गेलो नव्हतो. ते तर देवाचे काम, आणि दुसऱ्याच्या देवाचे. तिथे तो गिरणीतला मुलगा आमची वाट बघत होता. त्याने मला बत्तासे घेऊन दिले. अक्का आणि तो पाळण्यात बसले, मी खाली उभी राहून बघत होते. पाळणा वर गेला की अक्का हसायची. तिचे सगळे दात दिसत होते. आमच्या घरात मी ते कधी पाहिले नव्हते.

आई परत आली आणि तिने मला एकटीला विचारले, दोन दिवस काय केले. मी सांगितले. सगळे सांगितले, बत्तासे, पाळणा, त्याचा हात अक्काच्या हातावर होता तेही. मला मारले नाही, धमकावले नाही. मी दहा वर्षांची होते आणि मला बरे-वाईट चांगले कळत होते. मी सांगत असताना आईने माझ्या डोक्यावर हात ठेवला होता. तो हात तिथेच राहावा म्हणून, सांगण्यासारखे संपल्यावर मी थोडे मनाचेही घातले. म्हणाले, अक्काने कपाळाला अंगारा लावून घेतला. तिने लावला नव्हता.

आईने अक्काला अंगणात पाटावर बसवले आणि शिवणाच्या कात्रीने तिचे केस कापले. अक्काची वेणी कमरेखाली जायची. कात्री कापडाची, केसांना बोथट पडत होती, म्हणून वेळ लागला. अक्का रडली नाही. मी गोळा केलेले केस आईने चुलीत टाकले आणि दिवसभर घराला तो वास येत राहिला.

रविवारी प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर-प्याल्याच्या विधीच्या, आधी अक्काने सगळ्या मंडळीसमोर उभे राहून पाप कबूल करावे, असे आईने ठरवले. आमच्या मंडळीचे पाळकसाहेब मऊ माणूस होते. पोर लहान आहे, घरातल्या घरात मिटवू, असे ते आईला म्हणाल्याचे मी ऐकले. आईने ऐकले नाही. अक्का उभी राहिली. डोक्यावरून पदर घेतला होता तो आईने मागून ओढून खाली केला. कापलेले केस कुठे आखूड, कुठे लांब, कानामागे कात्रीची जखम. मागच्या बाकावरच्या मुली तोंड दाबून हसल्या. अक्काने तोंड उघडले नाही. पाळकसाहेब बराच वेळ थांबले, मग त्यांनी स्वतःच तिच्या वतीने प्रार्थना केली आणि तिला बसवले.

आठच दिवसांनी अक्का त्या मुलाबरोबर निघून गेली. त्याच्या घरच्यांनीही त्याला हाकलले. दोघे गिरणीजवळच्या चाळीत एका खोलीत राहू लागले.

अक्का गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी आई पाळकसाहेबांकडे गेली आणि मंडळीच्या पटावरून अक्काचे नाव काढा म्हणाली. थोडे थांबू, मुलगी परत येईल, असे ते म्हणाले. आई रोज जात राहिली. महिन्याभराने त्यांनी हात टेकले आणि एका रविवारी नाव वाचून काढून टाकले. त्या दिवसापासून आई विचारणाऱ्याला सांगायची, मला एकच मुलगी आहे. मी शेजारीच उभी असायची.

शाळेच्या वाटेवर अक्का मला दिसायची. चाळीच्या तोंडाशी उभी असे. केस वाढून खांद्याला टेकत होते. एकदा तिने हाक मारली, हातात कागदात काहीतरी खाऊ होता. मी धावत सुटले. पुढे कोपऱ्यावर थांबून मागे बघितले तर ती तशीच हात पुढे करून उभी. घरी आल्यावर मी तेही आईला सांगितले. या वेळी तिने डोक्यावर हात ठेवला नाही. माझ्याकडे बघितलेही नाही.

वर्ष उलटले. वैशाखातला रविवार होता. सोलापूरचा उन्हाळा असा की दुपारी बाराला रस्त्यावर कुत्रेसुद्धा नसते. आम्ही उपासनेहून येऊन दार लावून बसलो होतो. आई शास्त्र वाचत होती, मी ऐकत होते. दारावर थाप पडली.

“आई, मी आहे,” अक्काचा आवाज आला.

आईचे वाचणे थांबले नाही. मी उठायला लागले तशी तिने डाव्या हाताने माझे मनगट धरले. उजव्या हाताचे बोट ओळीवरून पुढे सरकत होते.

अक्का बाहेरून बोलत राहिली. तिला दिवस भरत आले होते. पाच-सहा दिवस ताप होता. नवरा पाळीवर गेला होता आणि चाळीतल्या बायका देवाच्या कामाला गेल्या होत्या, खोलीत एकटीला भीती वाटली म्हणून ती उन्हातून चालत आली होती. हे सगळे तिने थांबत थांबत सांगितले, दाराला तोंड लावून. आई वाचत होती. तिचा आवाज चढत गेला, तसा अक्काचा बुडत गेला. मग अक्का म्हणाली, “आत घेऊ नको. नुसतं पाणी दे.”

माठ माझ्या हाताच्या अंतरावर होता. तांब्या त्याच्यावर पालथा होता. आईच्या मुठीत माझे मनगट होते, हे खरे. पण मी दुसऱ्या हाताने तांब्या घेऊ शकले असते, ओरडू शकले असते, मनगट सोडवू शकले असते. तिची पकड इतकी घट्ट नव्हती. मी माठाकडे बघत बसून राहिले.

दाराच्या फटीतून अक्काचे लुगडे दिसत होते. ती पायरीवर बसली. बराच वेळ बसली होती. आईने तो अध्याय संपवला, पुढचा सुरू केला. मग लुगडे फटीतून दिसेनासे झाले. आईने पुस्तक मिटले, माझे मनगट सोडले आणि प्रार्थना करू म्हणाली. मनगटावर तिच्या बोटांचे चार वळ उठले होते. गुडघे टेकले तेव्हा मला ते दिसले. तिलाही दिसले असावेत.

सतरा दिवसांनी अक्का बाळंतपणात गेली. मूल आत आडवे आले होते. दोघेही गेले. तिचा नवरा सकाळी आमच्या अंगणात येऊन उभा राहिला. आई बाहेर आली नाही, म्हणून तो पाळकसाहेबांकडे गेला. अक्काने जाण्याआधी आपल्याला वडिलांच्या शेजारी ठेवा म्हटले होते, तेवढी जागा द्या, एवढेच तो मागत होता.

पाळकसाहेब आमच्याकडे आले. घामाने त्यांचा कोट भिजला होता. ते म्हणाले, “बाई, नाव काढलेलं आहे हे खरं. पण कबरस्तानात भिंतीकडेला एक कोपरा आहे. तुम्ही हो म्हणा, मी बाकीच्यांचं बघून घेतो.”

आई म्हणाली, “लोकांच्या मुलींना एक नियम आणि माझ्या मुलीला दुसरा, असं मला नको.”

ते म्हणाले, बाई, मेलेल्या पोरीला कसला नियम. आईने हात जोडले आणि त्यांना सलाम करून दार लावले. अक्काला गावाबाहेर, बेवारशांना पुरतात तिथे नवऱ्याने आणि त्याच्या दोन सोबत्यांनी पुरले. त्याच दुपारी आई पुस्तक घेऊन गल्लीत गेली. त्या गल्लीत सगळ्यांना कळलेले होते. एका बाईने तिला विचारले म्हणे, तुझी लेक आज मातीत गेली आणि तू इथे काय सांगायला आलीस. आईने ते आम्हाला, म्हणजे मला, सांगितले. काय उत्तर दिले ते सांगितले नाही.

त्यानंतर मंडळीत आईचा मान वाढला. स्वतःच्या पोटच्या पोरीबाबतही जिने तडजोड केली नाही अशी बाई, म्हणून मडमा तिला पुढे बसवत. ज्या घरांनी तिला कधी सून म्हणून नाकारले होते त्या घरच्या बायका आता तिला आपल्या मुलींना उपदेश करायला बोलावत. आई जायची. मला ते बघवत नसे. सतरा पूर्ण होताच मी नर्सिंग शिकायला मिशनच्या दवाखान्यात गेले आणि तिथेच राहू लागले. घर मैलभर अंतरावर होते. मी महिन्यातून एकदा जायची, तासभर बसायची.

त्यामुळे मला उशिरा कळले. एके दिवशी शेजारची बाई दवाखान्यात येऊन म्हणाली, “तुमच्या आईकडं बघा की जरा. देवळात बाहेर बसवलंय त्यास्नी.”

आईच्या छातीत गाठ झाली होती. दोन वर्षे तिने ती कुणाला दाखवली नाही. कडुलिंबाचा पाला बांधायची, वरून घट्ट फडके. गाठ फुटली, वाहू लागली, वास येऊ लागला. देवळात उपासनेच्या वेळी आधी तिच्या बाकावरच्या बायका सरकून बसू लागल्या, मग दुसऱ्या बाकावर गेल्या. मग सगळ्यांनी मिळून पाळकसाहेबांना सांगितले. पाळकसाहेब आता म्हातारे झाले होते. त्यांनी आईला फार गोड शब्दांत सांगितले की बाहेर व्हरांड्यात, खिडकीशी, वारा चांगला येतो. आई व्हरांड्यात बसू लागली. प्रभुभोजनाची भाकर तिला सर्वांत शेवटी, वेगळ्या बशीत बाहेर नेऊन देत. आत गाणे सुरू झाले की ती बाहेरून गायची. कुणीतरी खिडकी लावून घेत असे.

मी घरी जाऊन तिचे फडके सोडले. दवाखान्यात मी पुष्कळ पाहिले होते, तरी मला दाराशी जाऊन उभे राहावे लागले. आमच्या डॉक्टरीणबाईंनी येऊन तिला तपासले आणि बाहेर येऊन नुसती मान हलवली. मी रजा घेतली. पुढचे चार महिने मीच तिचे सगळे केले.

लोकांनी मला फार नावाजले. म्हणून जे खरे ते इथे लिहून ठेवते. जखमेवरची पट्टी काढताना ती कोमट पाण्याने भिजवायची असते, नाहीतर मांस धरून येते. हे मला पहिल्या महिन्यात शिकवले होते. काही दिवस मी पट्टी कोरडीच ओढली. घाईत नव्हे, विसरून नव्हे. आई दात आवळून छताकडे बघत राहायची, डोळ्यांच्या कडांनी पाणी ओघळायचे. ओरडायची नाही. ती ओरडली असती तर मी थांबले असते, असे मला त्या वेळी वाटायचे. आता तशी खात्री नाही.

शेवटच्या महिन्यात तिची भाषा बदलली. जन्मभर ती आश्रमात शिकलेले शुद्ध मराठी बोलली होती. आता ती ‘हितं’, ‘तितं’, ‘न्हाई’ म्हणू लागली. खडीच्या कामावर मागे राहिलेल्या पोरीची ती बोली असावी. एका सकाळी मी तिला पेज भरवत होते. तिने चमचा हाताने बाजूला केला.

“अक्का भेटंल का गं मला तितं?”

आठ वर्षांत तिने ते नाव घेतले नव्हते. ‘तितं’ म्हणजे कुठे हे मला लगेच कळले. तिची नजर माझ्या तोंडावर खिळली होती. सगळ्या गल्ल्यांना तारणाचा मार्ग सांगत फिरलेली बाई मला विचारत होती, मी जे सांगेन ते ती मानणार होती.

मी म्हणाले, “नाही. मंडळीबाहेर मेलेल्यांना तिथे जागा नसते. तूच शिकवलंस.”

पेज निवत होती. तिने डोळे मिटले. मला वाटले, झोपली.

मग म्हणाली, “तर मग मला बी तितं न्हाई जायाचं.”

त्यानंतर ती दहा दिवस जगली. त्या दहा दिवसांत तिने प्रार्थना केली नाही. पाळकसाहेब भाकर आणि प्याला घेऊन आले तेव्हा तिने भिंतीकडे तोंड फिरवले. त्यांना वाटले, ग्लानी आहे. त्यांनी तिच्या कपाळाला हात लावून आशीर्वाद दिला. ते गेल्यावर तिने माझा हात धरला आणि म्हणाली, मला मंडळीच्या कबरस्तानात ठेवू नको, पोरीजवळ टाक. मी सांगितले, ती जागा कुणाला माहीत नाही, बेवारशांच्या मातीवर खुणा नसतात. ती दुसऱ्या दिवशी पुन्हा म्हणाली. तिसऱ्या दिवशीही. मी तेच सांगितले. अक्काचा नवरा जिवंत होता, त्याच गिरणीत होता, चाळही तीच. त्याला विचारायला मला अर्धा तास लागला असता. मी गेले नाही.

सकाळच्या पाळीचा भोंगा वाजत असताना ती गेली. मी शेजारीच पट्ट्या उकळत होते. शेवटचे ती ‘पाणी’ म्हणाली की नुसताच श्वास होता ते मला नीट कळले नाही.

पाळकसाहेबांनी विचारले, आईचे शेवटचे शब्द काय होते. मंडळी भोवती उभी होती. मी म्हणाले, प्रार्थना करत गेली. एवढे मी विचार न करता बोलले, आणि बोलल्यावर मागे घ्यायची हिंमत झाली नाही. तिची पेटी देवळात नेऊन अगदी पुढे ठेवली. पेटीचे झाकण ठोकलेले होते, म्हणून या वेळी कुणी बाक बदलला नाही. पाळकसाहेब तिच्याबद्दल पाऊण तास बोलले. खळ ओतलेली गोष्ट सांगितली, विश्वासापुढे तिने पोटच्या मायेलाही जुमानले नाही असे सांगितले आणि शेवटी माझे ते वाक्य सांगितले. बायका रडल्या. खिडकी लावणाऱ्याही रडल्या. तिला फाटकाजवळच्या चांगल्या जागेत, वडिलांच्या शेजारी पुरले.

महिन्याने मी चाळीत गेले. अक्काच्या नवऱ्याने दुसरे लग्न केले होते, दोन मुले अंगणात खेळत होती. त्याने मला ओळखले. मी जागा विचारली तशी त्याने पायात चपला घातल्या आणि निघाला. तो पुढे, मी मागे. गावाबाहेर बाभळीच्या रांगेपलीकडे उंचसखल जमीन होती. तो सरळ चालत एका जागी जाऊन थांबला. तिथे डोक्याशी एक काळा दगड रोवला होता. शेजारी दोन्हीकडे मोकळी जमीन होती, माणूस मावेल एवढी.

मी त्याला सांगितले की आईला इथे यायचे होते, पण जागा कुणाला माहीत नव्हती.

त्याने वाकून दगडाभोवतीचे वाळके गवत उपटले.

“मला हाय की माहीत,” तो म्हणाला. “तुमी इच्यारलं न्हाई.”

त्याला पाळीवर जायचे होते, म्हणून तो गेला. मी दगडाजवळ उभी राहिले. ऊन डोक्यावर आले होते. रडू येईल असे वाटले होते, ते आले नाही. मग मीही परत फिरले, तीन वाजल्यापासून माझी ड्यूटी होती.

पुढे तीस वर्षे मी त्याच दवाखान्यात नोकरी केली आणि दर रविवारी त्याच देवळात गेले. आईचे शेवटचे शब्द मंडळीत सांगितले जात राहिले. दर काही वर्षांनी त्यात एखादी ओळ वाढायची. आईला कधी न पाहिलेल्या मुली मला येऊन सांगायच्या की तुमच्या आईने मरताना हात वर केले होते, चेहऱ्यावर उजेड होता, तिने सगळ्या गल्ल्यांची नावे घेऊन आशीर्वाद दिला. मी हो म्हणून मान हलवायची.